तुलना कोणाशी करतोय, भो?

*‘अमुक आजाराचा जीन सापडला’ अशी बातमी आली की आपण पेशंटबद्दल वाचतो. पण त्या संशोधनाचा निम्मा जीव दुसऱ्याच माणसांत असतो: ज्यांना तो आजार नाही, त्यांच्यात. ही ‘निरोगी’ माणसं कुठून आणली, कशी निवडली, यावर जीन खरा की खोटा हे ठरतं. आणि उद्या कॉलेजच्या शिबिरात तुमचंच रक्त ‘निरोगी’ म्हणून घेतलं जाऊ शकतं.*

थंडी पडली की असोद्याच्या शेतांमध्ये भरिताच्या पार्ट्या सुरू होतात. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी-पांढरी वांगी, वरून कांद्याची पात, सोबत कळण्याची पुरी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय मानांकनही मिळालं. त्यामुळे ‘असोद्याचं वांगं वेगळं’ हे आता नुसतं अभिमानानं सांगायचं वाक्य राहिलेलं नाही, त्याला सरकारी शिक्का आहे.

आता एक कल्पना करा. जळगावच्या एखाद्या कॉलेजातल्या मुलांनी ठरवलं, आपण डायबेटिसचा जीन शोधू. पेशंट पाहिजेत ५००. ते मिळाले असोदा, भादली, नशिराबाद या पट्ट्यातून. तुलनेसाठी डायबेटिस नसलेले ५०० पाहिजेत. ते कुठून आणायचे? सोपं आहे, होस्टेल भरलेलं आहे! तिथली पोरं धडगावची, अक्कलकुव्याची, चोपड्याच्या वरच्या पाड्यांवरची. रक्त घेतलं, डीएनए तपासला, कॉम्प्युटरने हिशोब केला. आणि काय सांगू, जीनचा एक प्रकार पेशंटमध्ये ४० टक्के आणि निरोगी गटात फक्त १५ टक्के निघाला. झाला ना शोध?

नाही झाला. त्या मुलांना डायबेटिसचा जीन सापडलेला नाही. त्यांना असोदा सापडलंय.

जळगावजवळच्या गावांतली कुटुंबं आणि सातपुड्यातली कुटुंबं शेकडो वर्षं आपापल्यातच सोयरीक करत आलीत. त्यामुळे हजारो जीनचं प्रमाण दोन्हीकडे वेगवेगळं असणारच, त्यांचा आजाराशी संबंध असो वा नसो. याच पद्धतीने तुम्ही ‘भरीत आवडण्याचा जीन’ शोधायला गेलात तर तोही शंभर टक्के सापडेल. अगदी तोच जीन!

चॉपस्टिकचा जीन

ही थट्टा मी नव्याने काढलेली नाही. एरिक लँडर आणि निकोलस शॉर्क या शास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये असंच एक उदाहरण दिलं होतं. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये चॉपस्टिकने जेवणारे आणि न जेवणारे असे दोन गट करा आणि जीन तपासा. एचएलए या जीनचा एक प्रकार पहिल्या गटात जास्त सापडेल. कारण एवढंच, की तो प्रकार चिनी वंशाच्या लोकांमध्ये जास्त आहे. हात आणि काड्यांशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

थट्टा बाजूला ठेवली तरी खरी उदाहरणं कमी नाहीत. अमेरिकेतल्या ॲरिझोनात पिमा नावाचा आदिवासी समाज आहे आणि त्यांच्यात डायबेटिसचं प्रमाण प्रचंड आहे. १९८८ मध्ये तिथल्या ४,९२० लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तातल्या एका विशिष्ट जनुकीय खुणेच्या लोकांमध्ये डायबेटिस ८ टक्के होता, खूण नसलेल्यांमध्ये २९ टक्के. वरवर पाहिलं तर वाटावं, या खुणेनेच डायबेटिसपासून संरक्षण मिळतंय. पण संशोधक तिथे थांबले नाहीत. कोणाच्या पूर्वजांमध्ये युरोपीय किती आणि पिमा किती, हे त्यांनी विचारलं. ती खूण मुळात युरोपीय पूर्वजांकडून आलेली होती. पूर्ण पिमा वंशाचे लोक वेगळे काढून तपासले, तर खूण असलेल्या आणि नसलेल्यांमध्ये डायबेटिसचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. संरक्षण गायब!

दुसरी गोष्ट २०१० ची. बोस्टनच्या संशोधकांनी शंभरी गाठलेल्या सुमारे हजार लोकांचा डीएनए तपासला आणि दीर्घायुष्याच्या जनुकीय खुणा सापडल्याचं ‘सायन्स’ या नामांकित नियतकालिकात जाहीर केलं. जगभर बातम्या झाल्या. वर्षभरात, २०११ मध्ये, तो पेपर मागे घ्यावा लागला. शंभरीतल्या काही लोकांचे नमुने ज्या प्रकारच्या चिपवर तपासले होते, ती चिप कंट्रोल गटासाठी वापरलेली नव्हती. त्या चिपच्या चुकाच काही ठिकाणी ‘दीर्घायुष्याचे जीन’ म्हणून दिसल्या. म्हणजे माणसं नीट निवडून भागत नाही. दोन्ही गटांचं रक्त एकाच पद्धतीने तपासायला लागतं. आपल्या प्रॅक्टिकलमध्ये दोन परीक्षानळ्या दोन वेगळ्या थर्मामीटरने मोजल्या तर सर जर्नल फेकून देतील, तसंच हे.

आपल्याकडे गुंता जास्त

ब्रिटनमध्ये २००७ मध्ये एक मोठा अभ्यास झाला. सात आजार, प्रत्येकाचे सुमारे २,००० पेशंट आणि सातही आजारांसाठी मिळून ३,००० लोकांचा एकच कंट्रोल गट. निम्मे लोक १९५८ मध्ये एकाच आठवड्यात जन्मलेल्यांच्या यादीतले, निम्मे रक्तदाते. ही युक्ती तिथे चालली, कारण अभ्यासातले बहुतेक लोक एकाच मोठ्या ब्रिटिश लोकसमूहातले होते.

भारतात तेच करून पाहा. ‘भारतीय’ नावाचा एकच कंट्रोल गट करायचा म्हटला तर त्यात कोण असेल? इरावती कर्वे आणि के. सी. मल्होत्रा यांनी १९६८ मध्येच महाराष्ट्रातल्या समान दर्जाच्या, पण आपसात लग्न न करणाऱ्या आठ ब्राह्मण गटांची शरीराची मापं आणि रक्तगट अशी तुलना करून हा प्रश्न पुढे आणला होता. बाहेरून एका नावाने ओळखले जाणारे गट आतून एकच असतात असं धरून चालता येत नाही, हे त्यातून दिसलं. तेव्हा डीएनए वाचायची सोय नव्हती.

ती सोय आल्यावर चित्र आणखी स्पष्ट झालं. २०१७ मध्ये दक्षिण आशियातल्या २६० हून जास्त समूहांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ८१ समूहांमध्ये मोजक्या पूर्वजांपासून वाढल्याचा परिणाम फिनलंडच्या लोकांपेक्षा किंवा अश्केनाझी ज्यूंपेक्षाही तीव्र होता. यातल्या १४ समूहांची लोकसंख्या तर दहा लाखांच्या वर होती. म्हणजे समाज मोठा दिसतो, पण मुळाशी पूर्वज थोडे. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजात भूल देताना वापरल्या जाणाऱ्या एका औषधाचा परिणाम लवकर उतरत नाही, असे लोक इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळतात. त्याचं कारण हेच.

असोद्यात बसून हे समजायला कठीण नाही. गावात लग्न असलं की अर्धा तालुका पाहुणा निघतो. ‘तो माझ्या मामेसासऱ्याचा साडू’ ही ओळख आपल्याकडे सहज सांगितली जाते. पण संशोधकाला कंट्रोल गटात हवी असतात एकमेकांशी रक्ताचं नातं नसलेली माणसं! जिथे सगळेच एकमेकांचे पाहुणे, तिथे ‘नात्यातला नाही’ हे तोंडी विचारून कळत नाही, डीएनएवरूनच तपासावं लागतं.

टाटाच्या वेटिंग हॉलमधला सोबती

मग हे नीट कसं करायचं? उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात आहे. कॅन्सर म्हटलं की खान्देशातून रात्रीची गाडी पकडून परळच्या टाटा हॉस्पिटलला जाणारी घरं आपण पाहिलेली असतात. पेशंट एक, सोबत दोघं-तिघं. याच सोबत्यांमधून टाटाच्या संशोधकांनी कंट्रोल गट उभा केला.

आजार होता पित्ताशयाचा कॅन्सर. हा गंगेच्या खोऱ्यात आणि ईशान्येकडे जास्त दिसतो, दक्षिणेत कमी. टाटात उपचाराला येणाऱ्यांमध्ये उत्तर प्रदेश-बिहारचे लोक बरेच असतात. त्यांची तुलना दादर-गिरगावच्या निरोगी माणसांशी केली असती तर काय सापडलं असतं? बरोबर ओळखलंत, मुंबई आणि बिहारमधला फरक.

म्हणून कंट्रोल म्हणून घेतले हॉस्पिटलमध्ये आलेले, कॅन्सर नसलेले असे लोक, ज्यांचं पेशंटशी रक्ताचं नातं नाही. वय, स्त्री की पुरुष आणि राहण्याचा प्रदेश या तिन्ही गोष्टी पेशंटच्या गटाशी जुळवल्या. २०१० ते २०१५ या काळात १,०४२ पेशंट आणि १,७०९ कंट्रोल जमवायला लागले. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कोलॉजी’त निष्कर्ष आला: सातव्या गुणसूत्रावरच्या एबीसीबी१ आणि एबीसीबी४ या जीनच्या भागात धोका वाढवणाऱ्या खुणा आहेत. एबीसीबी४ हा जीन पित्तात स्निग्ध पदार्थ सोडण्याचं काम करतो, त्यामुळे निष्कर्षाला शरीराच्या बाजूनेही अर्थ आहे. आणखी काही पेशंट आणि कंट्रोल घेऊन तो पुन्हा पडताळूनही पाहिला गेला.

यातही अडचणी असतातच. सोबत आलेली व्यक्ती अनेकदा त्याच घरातली किंवा त्याच गल्लीतली असते. तंबाखू, चुलीचा धूर, पाणी, सगळं पेशंटसारखंच. अशा वेळी सवयींमुळे वाढणारा धोका मोजायला गेलात तर तो कमी दिसतो, कारण दोन्ही गट सारखेच. जीन मोजायला जी निवड चांगली, ती तंबाखू मोजायला चांगली असेलच असं नाही. कंट्रोल गट कोणत्या प्रश्नासाठी हवाय, हे आधी ठरवावं लागतं.

‘निरोगी’ म्हणजे नक्की कोण?

आता तुमच्या-माझ्या मुद्द्याकडे येऊ. संशोधनासाठी सर्वांत सहज मिळणारा निरोगी माणूस कोण? कॉलेजचा विद्यार्थी. वर्गात येऊन सांगितलं की वीस हात वर होतात, बिस्किट-ज्यूस मिळालं की काम होतं. पण वीस वर्षांच्या पोराला आज डायबेटिस नाही याचा अर्थ त्याला तो पन्नाशीत होणार नाही असा नाही. त्याच्याकडे धोक्याचा जीन असेलही, फक्त अजून वेळ आलेली नाही. तो ‘निरोगी’ नाही, तो ‘अजून न झालेला’ आहे.

असे लोक कंट्रोलमध्ये मिसळले तर काय होतं, याचं उत्तर त्या ब्रिटिश अभ्यासानेच दिलंय. कंट्रोल गटातले ५ टक्के लोक खरं तर पेशंट असतील, तर अभ्यासाची ताकद साधारण १० टक्के नमुने कमी केल्यासारखी घटते. दुर्मिळ आजारात हा तोटा किरकोळ असतो. पण डायबेटिसचं काय? आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात ११.४ टक्के प्रौढांना डायबेटिस आहे आणि आणखी १५.३ टक्के लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यामुळे ‘मला काही नाही’ या तोंडी उत्तरावर कोणाला कंट्रोलमध्ये टाकणं आपल्याकडे महागात पडतं. शुगर तपासायलाच हवी आणि वयही पेशंटच्या बरोबरीचं हवं.

एक गंमत लक्षात घ्या. इथली चूक पहिल्या चुकीच्या उलट आहे. असोदा-धडगाव प्रकारात नसलेला जीन सापडतो. विद्यार्थ्यांच्या प्रकारात असलेला जीन हरवतो.

आई-बाबाच कंट्रोल

या सगळ्यातून वाट काढणारी एक सुंदर युक्ती १९९३ मध्ये रिचर्ड स्पीलमन आणि सहकाऱ्यांनी मांडली. प्रत्येक जीनच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. आईकडेही दोन होत्या. एक तिने तुम्हाला दिली, दुसरी तिच्याकडेच राहिली. आजारी मुलाला मिळालेली प्रत म्हणजे ‘केस’ आणि न मिळालेली प्रत म्हणजे ‘कंट्रोल’! गाव तेच, समाज तोच, घरही तेच. आईच्या दोन प्रती वेगळ्या असतील आणि शेकडो कुटुंबांत आजारी मुलांकडे एकच प्रत निम्म्याहून जास्त वेळा गेलेली दिसली, तर तिच्यात काहीतरी आहे असं म्हणता येतं. अडचण एवढीच, की साठीतल्या पेशंटचे आई-वडील कुठून आणायचे? म्हणून ही पद्धत लहानपणी होणाऱ्या आजारांना जास्त सोयीची.

दुसरा उपाय गणिताचा. लाखो जनुकीय खुणांवरून कोण कोणाच्या जवळचं आहे याचा नकाशा काढायचा आणि निकालातून तेवढा फरक वजा करायचा. आज बहुतेक सगळे अभ्यास हे करतात. पण गणिताला जादू समजू नका. सगळे पेशंट असोद्याचे आणि सगळे कंट्रोल धडगावचे असतील, तर गावाचा फरक वजा केल्यावर तुलना करायला काही उरतच नाही.

सातपुड्याच्या दोन बाजू

हे सगळं आत्ताच का बोलायचं? कारण जनुकीय तपासणी आता आपल्या दारात आली आहे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. आदिवासीबहुल भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचं लक्ष्य. नंदुरबार, धुळे आणि जळगावच्या सातपुड्यालगतच्या तालुक्यांना हा आजार नवा नाही. दुसरीकडे, जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाचा डेटा ९ जानेवारी २०२५ ला संशोधकांसाठी खुला झाला. ८३ समूहांतल्या जवळपास १०,००० निरोगी लोकांचे पूर्ण जीनोम त्यात आहेत आणि त्यातून सुमारे १८ कोटी जनुकीय फरक नोंदले गेलेत. म्हणजे देशाला प्रथमच स्वतःचा मोठा तुलनेचा गट मिळाला.

आता धोका पाहा. सिकलसेलच्या जीनची एक प्रत मलेरियाच्या गंभीर स्वरूपापासून वाचवते, म्हणून मलेरिया असलेल्या प्रदेशांत तो टिकला. उद्या कोणी सातपुड्यातली कुपोषित मुलं ‘केस’ म्हणून घेतली आणि जळगाव शहरातली धडधाकट मुलं ‘कंट्रोल’ म्हणून, तर सिकलसेलचा जीन कुपोषणाशी जोडलेला दिसणारच. ज्याच्याकडे दोन प्रती आहेत त्या मुलाची वाढ आजाराने खुंटते हे खरं. पण एक प्रत असलेला वाहक साधारणपणे ठणठणीत असतो. तरीही बातमी होईल: ‘आदिवासी मुलांचं कुपोषण जनुकीय!’ आणि मग अंगणवाडीचा आहार, पावसाळ्यात तुटणारा रस्ता, दवाखान्यातली रिकामी खुर्ची, यांच्याबद्दल कोणी का बोलावं? दोष जीनचाच ना! चुकीचा कंट्रोल गट अशा वेळी व्यवस्थेला सोयीची पळवाट देतो.

दुसरा धोका, तुलनेच्या गटात एखादा समाज नसणंच. २०१६ मध्ये अमेरिकेत एक गंभीर गोष्ट उघड झाली. हृदयाचे स्नायू जाड होण्याच्या आजाराला कारणीभूत मानलेले काही जनुकीय फरक कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये सर्रास आढळणारे आणि निरुपद्रवी होते. मूळ अभ्यासांच्या कंट्रोल गटांत कृष्णवर्णीय नव्हतेच किंवा फारच थोडे होते, म्हणून ते फरक ‘दुर्मिळ, म्हणजे घातक’ ठरले. परिणामी काही जणांच्या रिपोर्टवर चुकीचं निदान लागलं. मोजके कृष्णवर्णीय कंट्रोलमध्ये घेतले असते तरी ही चूक टळली असती. आपल्या भागातल्या पावरा, भिल्ल, तडवी मुलांच्या रिपोर्टबाबत हे होऊ द्यायचं नसेल, तर त्यांच्यातल्या निरोगी माणसांचीही नोंद तुलनेच्या डेटात पुरेशी असायला हवी. ‘पेशंट शोधायला पाड्यावर, निरोगी शोधायला शहरात’ ही सवय मोडायला लागेल.

याचा अर्थ जनुकीय संशोधनावर विश्वासच ठेवू नका असा नाही. पुण्याच्या केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि हैदराबादच्या सीसीएमबीतले डॉ. गिरिराज चांडक यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवलं, की युरोपात सापडलेला टीसीएफ७एल२ हा जीन भारतीयांमध्येही डायबेटिसशी जोडलेला आहे. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या कंट्रोल गटांशी तुलना करूनही तोच जीन पुन्हा पुन्हा समोर येतो, तेव्हा विश्वास ठेवायला आधार असतो.

शिबिरात हात पुढे करण्याआधी

तुमच्या कॉलेजात ‘निरोगी स्वयंसेवक पाहिजेत’ अशी नोटीस लागली तर जरूर जा. पण हे पाच प्रश्न विचारा:

१. अभ्यास कोणत्या आजाराचा आहे आणि तो कोणत्या वयात होतो?

२. पेशंट कोणत्या भागातले, कोणत्या समाजातले आहेत? आम्ही त्यांच्याशी जुळतो का, की फक्त सोयीचे आहोत?

३. मी निरोगी आहे हे तपासून ठरवणार, की नुसतं विचारून?

४. एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का? माझं सॅम्पल नंतर दुसऱ्या अभ्यासाला वापरणार का? मधूनच नाव मागे घेता येईल ना? (घेता यायलाच हवं, आयसीएमआरची मार्गदर्शक तत्त्वं तेच सांगतात.)

५. निष्कर्ष आला की समाजाचं नाव घेऊन जाहीर करणार का? आधी आम्हाला सांगणार का?

आणि पुढच्या वेळी व्हॉट्सॲपवर ‘खान्देशी माणसाचा अमुक जीन’ असं काही आलं, तर फॉरवर्ड करण्याआधी एवढंच विचारा: तुलना कोणाशी करतोय, भो? उत्तर मिळालं नाही, तर तो जीन भरिताच्या वांग्याशेजारी ठेवून द्या.